कोरांटीचा बांध

माघ निम्मा सरला तरी नामाच्या राबावर एक टहाळ पडला नव्हता. भाताचं रोप टाकायचं तर आधी त्या तुकड्यावर शेण, पाल्याचे टहाळ, वाळला पातेरा पसरून जमीन भाजून घ्यायची, म्हणजे राब लावायचा, ही पाड्याची रीत. न भाजलेल्या जमिनीत भातापेक्षा गवतच जास्त हौसेने वर येतं. टहाळ दरवर्षी मागच्या टेकडीवरून यायचे. यंदा संक्रांतीच्या आठवड्यात टेकडीला तारेचं कुंपण पडलं. कोण्या पार्टीने गोडाऊनसाठी घेतली म्हणे. पार्टी कुणी पाहिली नव्हती. पाहिलेला होता तो काठी घेऊन बसलेला वॉचमन, आणि तो ‘अंदर नहीं आने का’ याच्यापुढे एक शब्द बोलत नसे.

थोरल्या भावाने, सावळ्याने, पौषातच सुट्टीच्या दिवशी जाऊन आपल्या राबापुरते टहाळ आणून टाकले होते. नामा मात्र आज नाही उद्या करत राहिला. नामाचं सगळंच असं. कामाला वाघ, पण वाघ उठायला हवा.

तर नामा एक दिवस सकाळी खांद्यावर कोयता टाकून दोघा भावांच्या शेतांमधल्या बांधावर आला. बांधावर त्याची भावजय देवकी कोरांटीची फुलं खुडत होती. बांधाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत कमरेएवढी कोरांटी, पिवळ्याधमक फुलांनी भरलेली. आजूबाजूला भात काढून झालेली खाचरं भेगाळून पडली होती, पाण्याचा एक थेंब नव्हता, आणि ही बया कार्तिकापासून अशीच फुलत होती. मधमाश्यांचा गुंजारव एवढा, की नामाला जरा मोठ्याने बोलावं लागलं.

“वयनी, फुलं काढून घे. उद्यापास्नं मी तोडाला घेतो.”

“काय तोडाला?”

“ह्यो बांध. राबाला पायजे मना.”

“माजी कोरांटी?”

“तुजी कशी? बांध सामाईक हाय. बांधावर उगवलेलं दोघांचं, ही आपल्या आजापास्नंची रीत हाय.”

“रीत मना पन ठावं हाय. उगवलेलं दोघांचं, लावलेलं लावनाराचं.”

नामा हसला. वाईट हसला नाही, सहज हसला, आणि तेच देवकीला जास्त लागलं.

“कोरांटी कोन लावतं का, वयनी? ती काय मोगरा हाय? काट्याचं झाड त्ये. कुटं पन उगवतं.”

देवकीने ओच्यातली फुलं सावरली. चार वर्षांपूर्वी ती माहेराहून, खारबावच्या बाजूहून, ओल्या गोणपाटात गुंडाळून फाटे घेऊन आली होती. पहिला उन्हाळा विहिरीवरून रोज चार हंडे पाणी डोक्यावरून बांधावर नेलं होतं. त्या साली नामा वाडा गावाच्या बाजूला वीटभट्टीवर होता. त्याने आल्यावर बांध हिरवा पाहिला, आणि हिरवं आपोआपच होत असतं अशी त्याची समजूत.

तिच्या ओठांवर एक वाक्य आलं होतं. शिमगा होऊ दे, मग सगळी तूच ने, एवढंच. कारण शिमग्याला कोरांटीचा बहर सरतो आणि मग ती छाटायचीच असते. छाटली की पावसात जोमाने फुटते. दर साली देवकी ती छाटून काट्यांचं कुंपण करायची. यंदा ते काटे नामाच्या राबाला गेले असते तर तिचं काही अडणार नव्हतं. पण ‘कुठं पन उगवतं’ हे ऐकलं आणि ते वाक्य तिने गिळून टाकलं.

“हात लावायचा न्हाय,” ती म्हणाली. “लावशील तर बग.”

“तू मालकीन झालीस का बांधाची?”

“कोरांटीची हाय.”

नामाने कोयता एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतला आणि तो गेला.

*

संध्याकाळी सावळ्या ड्युटीवरून आला. रस्त्याकडच्या गोडाऊनमध्ये तो माल चढवण्या-उतरवण्याचं काम करी. आल्यावर आधी पाठ भिंतीला टेकवून पाच मिनिटं डोळे मिटायचे, मग चहा. देवकीने पाच मिनिटं थांबूनच विषय काढला.

सावळ्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “बघू.”

सावळ्याचं ‘बघू’ पाड्यात प्रसिद्ध होतं. मागणाऱ्याला ते हो वाटायचं आणि नाकारणाऱ्याला नाही. सावळ्या दोघांच्याही तावडीतून सुटायचा.

“बघू न्हाय,” देवकी म्हणाली. “त्याला सांगा. कोरांटी गेली तर माश्या जातीन. माश्या गेल्या तर काकडी धरनार न्हाय. मग मी परत जाऊ का गोडाऊनला?”

ती खरी गोष्ट होती. देवकीने तीन वर्षं गोडाऊनमध्ये खोक्यांना टेप लावली होती. रोज शेकडो खोकी. तिसऱ्या वर्षी उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर झाली, ती अजून तशीच होती. चहाचा पेला गरम आहे की गार, हे ती डाव्या हाताने पाहायची. सुपरवायझर अजूनही निरोप पाठवी, मावशी परत या म्हणून. दिवसभर पत्र्याखालचा उकाडा, पाणी प्यायला जायचं तरी विचारून जायचं. सुपरवायझर तिच्या मुलाएवढा, आणि ‘ए मावशी’ म्हणून चुटकी वाजवायचा. तिथे परत जायचं नाही म्हणून तिने विहिरीलगत काकडी केली होती.

काकडी म्हणजे फुलांचं लग्न लावण्याचं काम. नर फूल तोडायचं, पाकळ्या सोलायच्या, आणि मादी फुलाच्या तोंडाला हलकेच टेकवायचं. ज्याच्या मागे करंगळीएवढी काकडी असते ते मादी. पहिल्या साली आजूबाजूला एकही माशी नव्हती. भात निघालं की या रानात फुलायला काही उरतच नसे. देवकी रोज पहाटे बसून हे लग्न लावायची, आणि तिच्या बधिर बोटांखाली निम्मी फुलं फाटायची. ती कसर भरून काढायला म्हणून तिने कोरांटी आणली. माहेरी कोरांटीवर माश्या कशा तुटून पडतात ते तिने लहानपणापासून पाहिलं होतं. दुसऱ्या साली माश्या आल्या. तिसऱ्या साली देवकीने पहाटे बसणं सोडलं.

“बघू,” सावळ्या पुन्हा म्हणाला, पण या वेळी जरा हळू.

*

तो नामाशी बोलला की नाही, कोण जाणे. नामा कोयता घेऊन परत आला नाही एवढं खरं. पण विहिरीवर देवकी आली की त्याची बायको तुळजा कळशी अर्धी भरूनच निघून जाऊ लागली. एरवी दोघी जावा तासभर तिथे गप्पा मारत बसायच्या.

दर दोन दिवसांनी देवकी कोरांटीच्या वेण्या करून शहरात धामणकर नाक्याला न्यायची. तिथे शेअर रिक्षांच्या स्टँडशेजारी ललिता नावाची फुलवाली बसे, ती सगळ्या वेण्या ठेवून घ्यायची. वेणी बांधायला देवकीला डाव्या हाताची बोटं आणि दात पुरत.

“ताजी हाय ना गं? दुपारपर्यंत मान टाकली तर गिऱ्हाईक मला ओरडतं.”

“कोरांटी हाय ती. मान टाकते का कदी?”

ललिता हसत होती, तेवढ्यात गर्दीत एक टेम्पो अडकला. टेम्पोवर रंगीत सुताच्या गुंत्यांचे आणि कापडाच्या किनारींचे बोचके रचलेले, आणि सगळ्यात वर नामा बसलेला. देवकीने पाहिलं. त्यानेही पाहिलं, आणि तो लगेच पलीकडच्या बाजूला एखादं महत्त्वाचं दुकान असल्यासारखा बघू लागला. नाक्यावरचे हॉर्न वाजत होते. टेम्पो सुटेपर्यंत बिचाऱ्याला बराच वेळ त्या दुकानाकडे बघावं लागलं.

“लूमचं वेस्टेज हाय ते,” ललिता म्हणाली. “निजामपुऱ्यातून नेतात. फुकट देतात, वर टेम्पो पण भरून देतात. त्यांना टाकायला जागा न्हाय.”

देवकीच्या लगेच लक्षात आलं. नामा लग्नाआधी चार वर्षं निजामपुऱ्यात लूमवर, यंत्रमागावर, होता. त्या काळी लूमवर सुती कापड निघायचं, आणि वेस्टेजच्या चिंध्या बाया चुलीत घालायच्या. भुरभुर जळायच्या आणि चिमूटभर पांढरी राख उरायची. नामाच्या डोक्यात तीच राख होती. टहाळ नाही तर नाही, चिंध्यांचा राब.

हुशार आहे, असं देवकीला वाटलं. बरंही वाटलं. आता कोरांटीचा विषय मिटला.

*

बोचक्यांतल्या चिंध्या वाऱ्याने उडून शेतभर व्हायला लागल्या, तेव्हा नामाने वाट न बघता दुसऱ्याच दिवशी राब लावला. दुपार कलल्यावर, वारा समोरून घेऊन, रीतीप्रमाणे. खाली शेण, वर चिंध्या आणि सूत, त्यावर मातीची पसरण. कामात कुठेही खोट नव्हती. खोट होती ती सुतात. हल्ली लूमवर निघतं ते बहुतेक पॉलिस्टर, आणि वीस वर्षांत लूमवर काय बदललं ते नामाला ठाऊक नव्हतं.

आधी आग नीट लागली. मग धूर काळा झाला. काळा आणि जड. वर न जाता तो जमिनीला धरून सरकत बांधावर आला आणि कोरांटीत अडकून बसला. वास असा की पाड्यातली म्हातारी ठकुबाई दार लावून घेऊन आतून खोकत राहिली. नामा पावड्याने ढीग उलथायला गेला, तर चिंध्या पावड्याला चिकटून तारा धरू लागल्या.

“ह्ये काय होतं?” तो तुळजाला विचारत होता. तुळजाला काय ठाऊक?

दोन दिवस ते आतल्या आत धुमसत राहिलं. विझलं तेव्हा नामाच्या राबाच्या तुकड्यावर काळी, कडक, चकाकती साय धरली होती. पाय मारला तर टणक आवाज यायचा. खालची माती भाजली गेली नव्हती आणि वरून पाणी आत जायला वाट उरली नव्हती. पाड्यातले लोक मुद्दाम वाट वाकडी करून बघायला येऊ लागले. महादू, जो स्वतः कधी वेळेवर काही करत नसे, तो म्हणाला, “नामा, डांबरी केलीस. आता टोलनाका टाक.” लोक हसले. नामाही त्यांच्याबरोबर हसला आणि मग दोन दिवस घराबाहेर आला नाही.

देवकी हसली नाही. तिचं लक्ष बांधाकडे होतं. कोरांटीच्या फुलांवर काजळी बसली होती. सकाळी ती बांधावर उभी राहिली आणि तिला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. थोड्या वेळाने कळलं. गुंजारव नव्हता.

पहिल्या दिवशी माश्या आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी नाहीत. काकडीच्या वेलावर मादी फुलं उघडून मिटली, आणि त्यांच्या मागच्या करंगळीएवढ्या काकड्या पिवळ्या पडून गळू लागल्या. तिसऱ्या पहाटे देवकी कंदील घेऊन वाफ्यात बसली. नर फूल तोडलं, पाकळ्या सोलल्या, मादीला टेकवलं. बोटांना कळेना किती दाबतेय ते. फूल देठासकट हातात आलं. दुसरं फाटलं. तिसरं नीट लागलं असं वाटलं, आणि बघितलं तर चिमटीत नर फूल नव्हतंच, ते कधीच खाली पडलं होतं. ती नुसतीच बोटं टेकवत होती.

तिथेच मातीत बसून देवकी रडली. माश्यांसाठी आणि काकडीसाठी तर रडलीच, पण एका गोष्टीसाठी जास्त. शिमगा होऊ दे, एवढे तीन शब्द तिने त्या दिवशी खर्च केले असते तर नामा लूमच्या वाटेला गेलाच नसता. तिने ते आपल्यापाशी जपून ठेवले, आणि आता दोघांची शेतं काळवंडली होती.

“आक्का,” मागून आवाज आला. तुळजा उभी होती, हातात कळशी. किती वेळ उभी होती कोण जाणे. “सरका जरा. कसं करायचं ते दाखवा मना.”

देवकीने तोंड पुसलं. “दाखवायचं काय त्यात. नर घे, ह्यो, ज्याच्यामागं काय न्हाय तो. सोल. आता हिला टेकव. दाबू नको.”

तुळजाची बोटं बारीक आणि चपळ. तिने पहिल्या फटक्यात लग्न लावलं.

“दोन्ही पक्षांची जेवनं कोन घालनार?” ती म्हणाली.

देवकीला हसू आलं. दोघी उजाडेपर्यंत वाफ्यात बसल्या. बोलणं फारसं झालं नाही. फक्त उठताना तुळजा म्हणाली, “तुमचे दीर जेवत न्हाईत. मी काय सांगू त्यांना?”

“काय सांगू नको,” देवकी म्हणाली. “सांगायचं ते मी सांगीन.”

पण तिने लगेच काही सांगितलं नाही. पाचव्या दिवशी पाचसात माश्या आल्या, आठवड्याने बऱ्याच आल्या. तोवर तुळजा रोज पहाटे येत राहिली. वेलावर काकड्या धरल्या, थोड्या उशिराने, पण धरल्या. गोडाऊनच्या सुपरवायझरचा निरोप आला तेव्हा देवकीने आणणाऱ्याला चहा पाजून रिकाम्या हाती परत पाठवला.

*

शिमगा झाला. धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी सावळ्याला सुट्टी होती. सकाळी तो अंगणात दाढी करत होता, तेव्हा देवकी भिंतीवरचा कोयता काढून बाहेर पडली.

“कुटं?”

“बघू,” देवकी म्हणाली.

सावळ्या साबणाचं तोंड घेऊन तसाच बघत राहिला.

नामा त्याच्या राबात होता. गेले दहा दिवस तो पहारीने ती काळी साय उचकटून पाटीत भरत होता आणि शेताच्या कोपऱ्यात ढीग करत होता. हाताला कापडं गुंडाळलेली. तीन हिस्से काम झालं होतं, एक हिस्सा राहिला होता. माती वर आली होती, पण तिच्यावर घालायला काही नव्हतं, आणि ते नामाला माहीत होतं. तरी तो उचकटत होता, कारण दुसरं काय करणार?

देवकीने पदर खोचला आणि बांधाच्या टोकापासून कोरांटी तोडायला सुरुवात केली. फुलं तुरळक उरली होती. डाव्या हाताने फांदी वाकवायची, उजव्या हाताने कोयता, जमिनीपासून वीतभर सोडून. तोडलेली फांदी आपल्या बाजूला न टाकता ती नामाच्या बाजूला टाकत होती. पाचसहा झाडं झाली तेव्हा नामाने पहार थांबवली.

“वयनी, ह्ये काय करतीस?”

“दिसत न्हाय का? छाटते.”

“माज्यासाठी नको तोडू.” त्याचा आवाज बसला होता. “माजं मी बघीन.”

“तुज्यासाठी न्हाय. शिमगा झाला की कोरांटी छाटायचीच असते. छाटली की पावसात दुप्पट फुटते. दर साली छाटते मी.”

नामाने पहारीवर हात टेकले. तो हिशेब करत होता ते त्याच्या तोंडावर दिसत होतं.

“म्हंजे शिमग्यानंतर तू मना दिलीच असती.”

“व्हय.”

“मंग तवाच का न्हाय सांगतलंस? मी थांबलो असतो महिनाभर. मी काय येडा हाय?”

देवकीने कोयता खाली केला. ती उत्तर तयार करून आली होती. तू विचारलंस कुठे, तू तर सांगायला आला होतास, असं खडसावून बोलायचं होतं. पण त्याचे कापडं गुंडाळलेले हात बघितले आणि ते उत्तर तिला नकोसं झालं.

“राग आला मना,” ती म्हणाली. “तू म्हनालास कुटं पन उगवते. मी चार चार हंडे पानी घातलं हिला, नामा. डोक्याची चुंबळ कदी सुकली न्हाय त्या उन्हाळ्यात. म्हनून बोलले न्हाय. चुकलं माजं.”

नामा खाली बघू लागला. दीर-भावजयीत असं बोलायची सवय दोघांनाही नव्हती. पलीकडे सावळ्या अर्धी दाढी तशीच ठेवून शेताच्या कडेला येऊन उभा राहिला होता आणि पुढे यावं की न यावं हे त्याला ठरवता येत नव्हतं.

“मना ठावं नव्हतं,” नामा शेवटी म्हणाला. “पान्याचं.”

“तू नव्हतास.”

“कोनी सांगतलं पन न्हाय.” हे बोलून त्याने सावळ्याकडे पाहिलं. सावळ्याने घाईघाईने गालावरचा फेस पुसला.

नामाने पहार टाकली, आपला कोयता आणला आणि बांधाच्या दुसऱ्या टोकाला गेला. पहिल्या झाडापाशी बसला. कोयता बुंध्याशी नेला, उचलला, आणि मारलाच नाही. मान वळवून त्याने देवकीकडे पाहिलं.

“हितं?”

“मुळाला नको. वीतभर वर.”

त्याने कोयता वर सरकवला. “हितं?”

“व्हय.”

फांदी तुटली. ती त्याने राबाच्या बाजूला टाकली, पुढच्या झाडापाशी सरकला, आणि कोयता टेकवून पुन्हा थांबला.

“ही तर जरा वाकडी हाय, वयनी. हिला कुटं?”

देवकी आपलं काम सोडून त्याच्यापाशी गेली. दुपारपर्यंत नामाने प्रत्येक झाडाला विचारलं, आणि तिने प्रत्येक झाडाचं सांगितलं.